हसल्यावर निघणारा फोटो

उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडला आमचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. आता त्या गाळ्यात मोबाईलच्या काचा बदलून मिळतात. आमचे हे लग्नांचे फोटो काढत गावोगाव फिरायचे आणि काउंटर मी सांभाळायचे. सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मालक न्हाईत व्हय?" मी सांगायचे, लग्नाला गेलेत. "मग यीन परत," म्हणून गिऱ्हाईक माघारी जायचं. पुढं पुढं उलटं व्हायला लागलं. हे काउंटरला बसलेले दिसले की लोक दारातूनच विचारायचे, "बाई न्हाईत का?" ह्यांना त्याचं वाईट वाटायचं. मला नाही वाटायचं.

घरच्या फोटोंसाठी छोटा, स्वस्तातला डिजिटल कॅमेरा घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारणार, "किती मेगापिक्सेल?" मेगापिक्सेल जास्त असले की फोटो भिंतीएवढा मोठा करता येतो. आता घरात भिंतीएवढा फोटो कोण लावतं? मग झूम. झूम दोन तऱ्हेचं. एक भिंग पुढंमागं करून लांबचं खरंच जवळ आणतं. दुसऱ्यात कॅमेरा चित्र नुसतं ताणून दाखवतो आणि माणसाचं तोंड रव्याच्या लाडवासारखं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात बहुतेक दुसरंच छापलेलं असतं. मी माणसाला सांगायचे, ते सोडा, घरातल्या ट्यूबच्या उजेडात फोटो कसा येतो ते बघा, आणि भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तर समोरची माणसं सगळी मावतात का ते बघा. दुकानाच्या मागं आम्ही रिकामी खोकी टाकायचो, तिथं कायम अंधारं. कॅमेरा पसंत करायला मी गिऱ्हाइकाला तिथंच न्यायचे. तिथं बरा आलेला फोटो घरात बरा येणार, हे नक्की.

तरी माणसं आपापलं मागणं घेऊन यायचीच. फलटणकडचे एक बागायतदार आले. त्यांना असा कॅमेरा पाहिजे होता की ज्यात त्यांचा बंगला यावा आणि शेजारी चुलत्यानं बांधलेला, थोडा उंच बंगला येऊ नये. माणदेशातले एक मेंढपाळ आले. "सगळ्या घराचा फोटू निघाला पायजे," म्हणाले. मी विचारलं, घरात माणसं किती? त्यांनी माणसं सांगितली आणि मग मेंढरं सांगायला लागले. मी हातातला कॅमेरा खाली ठेवला तसे म्हणाले, "ती बी घरातलीच की." मी त्यांना रुंद भिंगाचा कॅमेरा दिला आणि टेकडीवर चढून फोटो काढायला सांगितलं. नंतर ते फोटो दाखवायला आले. मेंढरं झकास आली होती. माणसं कुठं आहेत ते त्यांना बोट ठेवून दाखवावं लागलं.

पण मला सांगायचं आहे ते सुभेदारांचं.

तोवर सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते. छोटे कॅमेरे कपाटात पडून होते. कधी कॉलेजच्या मुली येऊन, जुन्यासारखा जरा खराब फोटो येणारा कॅमेरा आहे का, असं विचारायच्या आणि मी मुकाट्यानं द्यायचे. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी सुभेदार ज्ञानदेव आणि त्यांच्या मंडळी हौसाबाई दुकानात आले. तारळी नदीकाठचं त्यांचं गाव, दुकानापासून फार लांब नाही. सुभेदार फौजेतून रिटायर होऊन ऊस करत होते. ताठ उभे राहून त्यांनी मागणी सांगितली.

"घरात माणसाला एक मोबाईल हाय. परत्येकाच्या मोबाईलात फोटू हायत. पण घराचा फोटू कुणाच्यातच न्हाई. मला घराचा कॅमेरा पायजे. खुंटीला टांगून ठिवायचा."

मी दोन-तीन कॅमेरे काढून ठेवले. त्यांनी एकेक तळहातावर तोलून बघितला, डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"नेम धरायचा कुठनं?"

"मागं पडदा आहे. त्यात बघायचं."

"म्हंजे हात लांब करून धरायचा. मग हात हालणार."

बरोबरच होतं ते. मी म्हटलं, "हालतो. म्हणून स्टुलावर, कट्ट्यावर ठेवून काढायचा."

"आणि ह्यात रुंद किती येतं? आमी दोघं भाऊ एका फोटूत आलं पायजे. पण लांब लांब."

मला नीट कळलं नाही. तेव्हा हौसाबाईंनी सांगितलं. सुभेदार आणि त्यांचे धाकटे भाऊ संपतराव, म्हणजे आप्पा, यांचं बोलणं बंद होतं. सुभेदारांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत आप्पांचं नाव एक ओळ खाली, बारीक अक्षरात छापून आलं होतं. सुभेदारांचं म्हणणं, छापणाऱ्याला वरच्या ओळीत जागा पुरली नाही. आप्पांचं म्हणणं, कुत्र्याच्या नावालासुद्धा जागा झाली असती. त्या मुलाला आता दोन पोरं झाली, तरी अबोला चालूच. घरं एकाच अंगणात, समोरासमोर.

"आणि आता आमच्या थोरल्या वन्सं आक्का भाऊबीजंला येनार," हौसाबाई म्हणाल्या. "विट्याला असत्यात. पोराचं कोइमतूरला गलाईचं दुकान हाय, सोनं शुद्ध करायचं. आता घराला कुलूप लावून त्या तिकडंच ऱ्हायला चालल्यात. गुडघं गेल्यात. परत यित्यात का न्हाई कुनाला ठावं. त्यांनी सांगितलंय, दोघा भावांच्या मधी बसून फोटू काढायचा. त्याबिगर ओवाळायची न्हाई."

"मग आक्का मधी," सुभेदार म्हणाले, "मी ह्या टोकाला, त्यो त्या टोकाला."

म्हणून मग रुंद भिंगाची परीक्षा सर्व्हिस रोडवर झाली. सुभेदारांनी हौसाबाईंना आमच्या शटरशी उभं केलं, मला कॅमेरा घेऊन मागं सरकायला लावलं आणि लांबचा विजेचा खांब दाखवला.

"खांबाला आप्पा समजा."

"खांब बरा," हौसाबाई म्हणाल्या. "तोंड तरी वाकडं करत न्हाई."

एका साध्या चंदेरी कॅमेऱ्यात हौसाबाई आणि खांब दोन्ही आले. सुभेदार पसंत म्हणाले. मी पिशवीत घालणार, तोच त्यांनी हात वर केला.

"आनि बटन कोन दाबनार?"

ही खरी अडचण होती. त्यांच्या घरातल्या कुणी दाबलं आणि आप्पांचा डोळा मिटलेला आला, तर मुद्दाम केलं म्हणणार. आप्पांच्या घरातल्या कुणी दाबलं, तर सुभेदारांना भरवसा नाही. गावातलं कुणी बोलवावं, तर गाव दोन्हीकडं वाटलेलं. आपोआप फोटो निघायचा टायमर मी दाखवला. सुभेदार म्हणाले, तो लावणार कोण आणि पळत जाऊन उभा कुठं राहणार?

त्या कॅमेऱ्यात आणखी एक सोय होती. मी कुणाला ती फारशी दाखवत नसे, कारण तिचा उपयोग कुणालाच नसायचा. ती चालू केली की कॅमेरा समोर चेहरा शोधतो, त्याच्याभोवती पडद्यावर चौकट दाखवतो आणि तो चेहरा हसला की आपला आपण फोटो काढतो. सुरू केल्यावर बटणाला कुणी हात लावायचा नाही.

सुभेदारांचे डोळे बारीक झाले. "म्हंजे ह्यो कुनाच्याच बाजूचा न्हाई."

"नाही. पण हसावं लागतं."

"हसू की. त्यात काय हाय."

मी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि सुभेदारांना समोर उभं केलं. ते हसले, म्हणजे त्यांच्या मते हसले. मिशा थोड्या रुंद झाल्या. कॅमेरा गप्प. त्यांनी दात दाखवले. कॅमेरा गप्प. त्यांनी तोंड आणखी फाकवलं तेव्हा हौसाबाईंना हसू आवरेना, त्या मधे आल्या आणि कॅमेऱ्यानं खटकन त्यांचा फोटो काढला. सुभेदारांनी तो बघितला आणि म्हणाले, "चालतंय की. बांधा."

भाऊबीजेच्या दिवशी दुकान बंद होतं. माझा भाऊ दुपारी यायचा होता, मी पुरणाला बसले होते. सुभेदारांचा फोन आला.

"बाई, कॅमेरा संपावर गेलाय."

"चार्जिंग बघा."

"भरलंय. हिरवा दिवा लागलाय. सकाळधरनं उभं हाय आमी. निसता बघतोय."

पुरण तसंच झाकून ठेवलं आणि स्कूटर काढली. जास्तीची एक बॅटरी घेतली बरोबर.

अंगणात जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. एका टोकाला सुभेदार, दुसऱ्या टोकाला आप्पा, दोघांचे हात मागं बांधलेले. आक्कांनी आणलेले सारखेच पांढरे कपडे आणि सारखीच टोपी दोघांनी घातली होती. बांधाही सारखाच, त्यामुळं एकच माणूस दोनदा उभा केल्यासारखं दिसत होतं. मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर आक्का, नवं लुगडं नेसून, ताठ. दोन्ही घरच्या बायका आणि पोरं आपापल्या अर्ध्यात. आणि आक्कांच्या डोक्यावर भिंतीला तात्यांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, मोठी तसबीर टांगलेली. झेंडूचा हार घातलेली. समोर खुर्ची, खुर्चीवर औषध फवारायचा पंप आणि पंपावर कॅमेरा. ओवाळायचं ताट कट्ट्यावर वाट बघत होतं. कुणी जेवलेलं नव्हतं.

"त्यांना विचारा, हसले का ते," आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले.

"त्यांना सांगा, मी दोनदा हसलो," सुभेदार माझ्याकडं बघून म्हणाले.

"हे हसनं?"

"पयलं त्यांनी हसावं. धाकटं हायत ते."

तेव्हा मला वाटलं, अडलंय ते इथं. पहिला हसेल तो हरला, असं दोघांच्या मनात बसलेलं. पण आक्का म्हणाल्या, "आगं बाई, ही दोघं न्हाई हसली तर न्हाई. पोरं कवाधरनं फिदीफिदी हसत्यात की. त्यांच्यावर का निघंना?"

हे मात्र खरं होतं. पोरं हसतच होती. मी कॅमेऱ्यामागं वाकले. पडद्यावर चौकट होती, पक्की बसलेली, हलत नव्हती. ती ना सुभेदारांवर होती, ना आप्पांवर, ना पोरांवर. ती तात्यांवर होती.

जुन्या काळची तसबीर ती. फेटा, गलमिशा, आणि फोटो काढणाऱ्यावर खटला भरणार असल्यासारखी नजर. इतक्या जणांमध्ये सगळ्यांत ठळक, सगळ्यांत स्थिर चेहरा तोच. कॅमेऱ्यानं तो धरला होता आणि सकाळपासून त्याच्याकडंच बघत बसला होता.

कसं सांगावं ते मला कळेना. शेवटी सरळ सांगून टाकलं. "हा तुमच्या वडिलांच्या हसण्याची वाट बघतोय."

दोन्ही भावांनी मान वर करून तात्यांकडं बघितलं.

"मग झालंच," सुभेदार म्हणाले.

"कल्याण," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, तसबीर घटकाभर खाली घेऊ. दोघं एकदमच म्हणाले, "तात्यांना काढायचं न्हाई." मी म्हटलं, नुसता टॉवेल टाकू. आप्पांच्या मंडळींनी तोंडावर पदर धरला. सणाच्या दिवशी तात्यांच्या तोंडावर कापड टाकायचं म्हणजे काय, हे माझ्याच लक्षात आलं आणि मी जीभ चावली. शेवटी म्हटलं, मी परकी आहे, कुणाच्याच बाजूची नाही, ही सोय बंद करते आणि बटण मीच दाबते. दोघं भाऊ त्याला तयार झाले. आक्का झाल्या नाहीत.

"ही असली तोंडं घिऊन मी कोइमतूरला जानार न्हाई," त्या म्हणाल्या. "हसल्यावर काढ. त्याबिगर न्हाई."

"आक्का, तात्या कसं हसतील?" सुभेदार म्हणाले. "जित्तेपनी कवा हसलं न्हाईत."

"हसलं हुतं की एकदा." आप्पा हे आभाळाकडं बघून म्हणाले. "कुनीतरी पयल्या सुट्टीला वर्दीत आलं हुतं तवा."

सुभेदारांनी मान वळवली. मी बघत होते, त्यांनी आप्पांकडं सरळ बघितलं.

"कवा हसलं?"

"तू गंजीवर चढला हुतास तवा."

माझ्यासाठी म्हणून आक्कांनी खुलासा केला. सुभेदार भरती झाल्यावर पहिल्यांदा सुट्टीवर आले, खांद्यावर वळकटी, पायात बूट. घरच्या कुत्र्यानं त्यांना ओळखलं नाही. कुत्रं अंगावर आलं तसे हे कडब्याच्या गंजीवर चढले आणि वरून त्याला फौजेतल्या हिंदीत थांबायचा हुकूम द्यायला लागले.

"तात्या पोट धरून हसलं," आप्पा म्हणाले.

"तात्या खोकत हुतं."

"हसत हुतं."

"मी गंजीवर हुतो, आप्पा. वरनं मला सगळं दिसत हुतं. खोकत हुतं."

"मी त्यांच्याजवळ उभा हुतो. खोकताना मानूस मांडीवर हात मारतो व्हय?"

आता दोघं आपापलं टोक सोडून आले होते. अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून असलं काही पटवता येत नाही. सुभेदार म्हणाले, तात्यांच्या मिशीची ठेवणच अशी होती की खोकले तरी हसल्यागत वाटायचं. आप्पा म्हणाले, मिशीचं काय सांगतोस, ही बघ मिशी. दोघं आक्कांच्या खुर्चीमागं जाऊन तसबिरीपुढं उभे राहिले आणि बोटं मिशीवर ठेवून, हसताना कुठपर्यंत जात होती आणि खोकताना कुठपर्यंत, ते एकमेकांना दाखवायला लागले.

"आरं हसतच हुतं," आक्का पुढं बघतच म्हणाल्या. "धोतराच्या सोग्यानं डोळं पुसलं हुतं त्यांनी. आनि ज्ञानू वरनं मलाच सांगत हुता, आक्का, त्याला माझा नंबर सांग, म्हनं. कुत्र्याला. फौजंतला नंबर."

आणि आक्कांना हसू फुटलं. खुर्ची हलायला लागली. त्यांना दात थोडेच होते, ते सगळे दिसले.

मी पडद्याकडं बघत होते. दोन्ही टोप्या आड आल्यामुळं तात्या दिसेनासे झाले होते. चौकट नाहीशी झाली, क्षणभर काहीच नव्हतं, मग ती आक्कांच्या तोंडावर जाऊन बसली.

खट्.

सगळे माझ्याभोवती जमले. फोटोत मधे आक्का, डोळे मिटून, तोंड उघडून हसताहेत. मागं दोन पांढऱ्या पाठी, दोन टोप्या, भिंतीकडं वर केलेले दोन हात. तात्या नाहीत. भावांचे चेहरे नाहीत. कडेला एक पोरगं अर्धं.

"पुसा ह्यो," सुभेदार म्हणाले. "आमची तोंडं न्हाईत ह्यात. परत उभं ऱ्हातो."

आक्कांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला.

"तुमची तोंडं मला पाठ हायत," त्या म्हणाल्या. "बोलताना बघायची हुती. ह्योच दे. आनि ताट आना, जीव कावलाय माझा."

मी निघेपर्यंत ओवाळणं झालं होतं. दोघांना एकाच पाटावर बसवायचा आक्कांचा बेत होता, तो काही जमला नाही. दोन पाट मांडले. पण दोन्ही पाट एकाच अंगाला होते, आणि खोकला का हसणं, हे घास घेता घेता चालूच होतं.

मी घरी पोचले तर माझा भाऊ येऊन बसला होता. पुरण मीच वाटलं, आणि वाटता वाटता त्याला ही हकीकत सांगितली. त्याला ती खरी वाटली नाही.

आक्का कोइमतूरला जाताना वाटेत दुकानाशी गाडी थांबवून आपली प्रत घेऊन गेल्या. त्यानंतर काही दिवसांनी सुभेदार आपल्या प्रतीसाठी आले, आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागं आप्पा बसलेले होते. समेट झाला होता असं मी म्हणणार नाही. आप्पांना उंब्रजला यायचंच होतं आणि एसटी चुकली, असं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं.

मी फोटोच्या दोघांच्या दोन प्रती काउंटरवर ठेवल्या. पाकिटात घालणार, तेवढ्यात आप्पांनी बोट ठेवलं.

"आक्काच्या जवळचा ह्यो मी."

"ह्यो मी," सुभेदार म्हणाले. "तुझा हात एवढा वर जातोय का?"

कपडे सारखे, टोपी सारखी, मान आणि कानसुद्धा सारखे. दोघांनी माझ्याकडं बघितलं. कॅमेऱ्यामागं मीच होते, त्यामुळं कोण कुठला ते मला माहीत होतं. पण मी आयुष्यभर गिऱ्हाईक सांभाळलेलं. म्हटलं, मला नाही बाई सांगता येत, तुम्ही आक्कांनाच विचारा.

सुभेदारांनी तिथूनच फोन लावला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. तिकडं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आक्का म्हणाल्या, "माझ्याजवळचा? त्यो आप्पा." आप्पांनी छाती पुढं काढली. मग आक्का म्हणाल्या, "न्हाई न्हाई. ज्ञानू वाटतोय. थांबा जरा, चष्मा बघते कुठं ठिवलाय."

मग नुसत्या शिट्ट्या. दोघं काउंटरवर वाकून फोनला कान लावून उभे होते.

"सरक की जरा, आप्पा. मलाबी ऐकू दे."

"आजून काय बोललीच न्हाई ती."

आक्कांचा चष्मा सापडेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मधल्या वेळात मी दोन गिऱ्हाइकं उरकली.